समुद्रकाठच्या रस्त्याने गाडीप्रवास : मुक्कामाची हॉटेले कशी निवडावीत?

निळीवाट

सर्वांना नमस्कार.

पुढच्या वर्षी आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई, समुद्राच्या काठाकाठाने जाणाऱ्या एखाद्या रस्त्यावर गाडीने सहा-सात दिवसांचा प्रवास करायचे म्हणत आहोत. कॅलिफोर्नियाचा हायवे क्रमांक १ आणि ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड ही दोन नावे सध्या पुढे आहेत. रस्त्यांविषयी पुष्कळ वाचून झाले आहे. माझी अडचण हॉटेलांची आहे. नकाशा उघडला की किनाऱ्यावर असंख्य ठिपके दिसतात, प्रत्येकाच्या छायाचित्रात खिडकीबाहेर निळाशार समुद्र असतो आणि तासभर चाळूनही एकही नाव नक्की होत नाही.

रोज नवे हॉटेल घेत पुढे सरकावे की दोन-तीन ठिकाणी तळ ठोकून आसपास फिरावे? समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? आणि सगळे मुक्काम आधीच ठरवावेत की काही रात्री मोकळ्या ठेवाव्यात? सासूबाईंना समुद्राची फार ओढ आहे आणि आजवर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवत नाही, म्हणून हा प्रवास त्यांच्या मनासारखा व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रत्यक्ष अनुभव वाचायला आवडतील.

वळणवाट

निळीवाट, हॉटेलांची यादी सध्या बाजूला ठेवा आणि आधी एका दिवसात किती तास गाडी चालवायची ते ठरवा. किनाऱ्याच्या रस्त्यावर किलोमीटरचा हिशेब फसवा असतो. मी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा नॉर्थ कोस्ट ५०० हा रस्ता केला आहे. इनव्हरनेसहून निघून पुन्हा तिथेच येणारी ही वाट सुमारे ८३० किलोमीटरची आहे. हा आकडा पाहून मी तिचे तीन दिवसांत तीन तुकडे केले होते. प्रत्यक्षात बराचसा रस्ता एकेरी रुंदीचा निघाला. समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेत थांबायचे, तिला जाऊ द्यायचे आणि मग पुढे निघायचे. ॲपलक्रॉसकडे नेणारा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो आणि तिथे तर प्रत्येक वळण जपून घ्यावे लागते. नकाशातला वेळ न थांबता जाणाऱ्याचा असतो, आणि समुद्र बघायला निघालेला माणूस दर दहा मिनिटांनी थांबतो.

त्यातही मी ज्या गोष्टीने फसलो ती सांगतो, कारण ती सहसा कोणी लिहीत नाही. जूनअखेर तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. उजेड आहे म्हणजे दिवस शिल्लक आहे, असे धरून आम्ही जागोजागी थांबत गेलो आणि साडेनऊला, लख्ख उजेडात, हॉटेलच्या दारात उभे राहिलो तेव्हा दार बंद होते. छोट्या हॉटेलांत रात्रपाळीला कोणी नसते. भिंतीवर आकड्यांचे कुलूप असलेली लहानशी पेटी होती, आमची किल्ली तिच्यातच असणार हे कळत होते, परंतु तो आकडा दुपारी आलेल्या ईमेलमध्ये होता आणि तिथे फोनला रेंज नव्हती. मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. पाऊण तासाने शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ फिरून आले आणि त्यांनी आत जाऊन मालकांना उठवले. तेव्हापासून मी खोली नक्की करण्याआधी दोन प्रश्न विचारतो : दार किती वाजेपर्यंत उघडे असते आणि त्यानंतर आत कसे यायचे. मिळालेले उत्तर कागदावर लिहून गाडीत ठेवतो.

तळ ठोकण्याविषयी म्हणाल तर एका ठिकाणी दोन रात्री, हेच माझे मत. रोज सामान बांधायचे, रोज गाडीत चढवायचे आणि रोज नव्या खोलीत दिव्यांची बटणे शोधायची, यात सकाळ-संध्याकाळ निघून जाते, आणि समुद्र खरा बघायचा तो याच दोन वेळांना.

आडवाट

दोन रात्रींच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर शक्यतो तीन रात्री काढाव्यात.

गॅलरी

मी समुद्र दिसणाऱ्या खोलीच्या बाजूने लिहिणार आहे, कारण तिच्याविषयी 'पैसे वाया जातात' हे वाक्य फार सहज बोलले जाते. पैसे वाया जातात ते बहुधा दिशा न बघितल्यामुळे. खोलीतून समुद्र दिसतो, पण तो पूर्वेचा की पश्चिमेचा, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. ग्रेट ओशन रोडवरचेच उदाहरण घ्या. अपोलो बे हे गाव पूर्वेकडे तोंड करून बसले आहे. तिथे समुद्रावर सूर्योदय दिसतो. सूर्यास्त गावामागच्या डोंगरांआड होतो. पुढे पोर्ट कॅम्पबेलजवळ किनारा नैर्ऋत्येकडे वळतो. डिसेंबरात तिथे सूर्य नैर्ऋत्येलाच मावळतो, त्यामुळे मावळतीचा प्रकाश थेट समुद्रावर असतो. जूनमध्ये तोच सूर्य वायव्येकडे सरकलेला असतो. त्या अक्षांशावर दोन्ही मावळतींच्या दिशांत सुमारे ६० अंशांचे अंतर पडते. म्हणजे एकाच खिडकीतून एका ऋतूत सूर्यास्त दिसतो आणि दुसऱ्या ऋतूत दिसत नाही. नकाशावर हॉटेल शोधून, आपण जाणार त्या तारखेची मावळतीची दिशा त्यावर आखून पाहायला पाच मिनिटे लागतात.

मजल्याचाही विचार करावा. डोळे समुद्रपातळीपासून ४ मीटरवर असतील तर क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर असते. २५ मीटरवर असतील तर जवळपास १८ किलोमीटरवर. वरून समुद्र विस्तीर्ण दिसतो, पण लाटेचा आवाज, फेसाची रेघ आणि ओल्या वाळूवरचा उजेड खालच्याच खोलीला मिळतो. माझी आई पहाटे चारला उठणारी. तळमजल्यावरच्या खोलीत शाल पांघरून ती दीड तास खिडकीशी बसून होती, आणि आधी काळे, मग राखाडी, मग शिशाच्या रंगाचे होत गेलेले पाणी तिने मला नंतर सविस्तर सांगितले. त्या एका पहाटेसाठी मी पुन्हा तेवढे पैसे देईन. निळीवाट, तुमच्या सासूबाईंना ओढ असेल तर एका मुक्कामी तरी अशी खोली घ्याच.

मुक्कामपोस्ट

गॅलरी यांनी लिहिलेली पहाट मनाला भिडली, तरी माझा आग्रह वेगळा आहे. अशा प्रवासात दिवसभर समुद्र सोबत असतोच. संध्याकाळी दमून खोलीवर यावे, अंधार पडावा आणि खिडकीबाहेर काळोखापलीकडे काही दिसू नये, असेच बहुतेकांचे होते. एका रात्रीच्या मुक्कामाला समुद्रदर्शनी खोली घेणे मला पटत नाही. दोन रात्री असतील आणि मधला दिवस रिकामा ठेवला असेल तर अवश्य घ्यावी. वाचलेल्या पैशांत गाडी लावायची हक्काची जागा, शांत खोली आणि चांगली गादी मिळत असेल तर दुसऱ्या दिवशी वळणांच्या रस्त्यावर चालकाला त्याचा जास्त उपयोग होतो. झोप न झालेल्या माणसाने कड्यालगतच्या रस्त्यावर गाडी चालवू नये.

खोलीच्या वर्गवारीतले शब्दही नीट वाचावेत. 'ओशन फ्रंट' म्हणजे बहुधा इमारत थेट समुद्राला सामोरी असते, 'ओशन व्ह्यू' म्हणजे कुठून तरी समुद्र दिसतो, आणि 'पार्शियल व्ह्यू' असेल तर गॅलरीच्या टोकाला उभे राहून मान वळवावी लागण्याची शक्यता धरून चाला. उपग्रहाच्या छायाचित्रात हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे ते पाहिले की शंका फिटते. बऱ्याचदा मध्ये तोच हायवे असतो, ज्यावरून पहाटेपासून ट्रक जातात.

कातळ

मुक्कामांचा क्रम ठरवण्याआधी प्रवासाची दिशा ठरवावी लागते, हे इथे अजून आलेले नाही. कॅलिफोर्नियात वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेले की समुद्र आपल्या लेनला लागून राहतो आणि थांब्याच्या जागा उजव्या हाताला येतात, समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. ऑस्ट्रेलियात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे ग्रेट ओशन रोडच्या पूर्व टोकाच्या टॉर्की गावाहून पश्चिमेकडे निघालात की तोच लाभ मिळतो. रोज वीस-पंचवीस वेळा थांबणार असाल तर हा फरक सुरक्षिततेचा आहे.

दुसरा मुद्दा रस्ता बंद होण्याचा. हायवे १ चा बिग सरचा भाग, म्हणजे कार्मेलपासून सॅन सिमियनपर्यंतचे सुमारे ९० मैल, डोंगराच्या कुशीत कोरलेला आहे आणि तो डोंगर अधूनमधून खाली येतो. मे २०१७ मध्ये मड क्रीकला दरड कोसळली आणि तिथला रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीकपाशी मुसळधार पावसात रस्त्याचा तुकडाच वाहून गेला. अशा वेळी नकाशावर शेजारी दिसणारी दोन हॉटेले दरडीच्या दोन बाजूंना असतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला आतल्या १०१ क्रमांकाच्या हायवेने काही तासांचा वळसा पडतो. त्यामुळे या पट्ट्यात शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी, थोडी महाग पडली तरी. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते, हेही ध्यानात असू द्या.

निळीवाट

वळणवाट, गॅलरी, मुक्कामपोस्ट, कातळ, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. दिशेचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता. सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. सपाट जागी त्या तासभर चालतात, पण जिने त्यांना सोसत नाहीत. किनाऱ्यावरची हॉटेले उतारावर असतात असे दिसते. हे आधी कसे ओळखावे?

सांजवेळ

ताई, हाच प्रश्न आम्हाला इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर पडला होता, तो वडिलांना घेऊन गेलो तेव्हा. तिथली पोसितानोसारखी गावे डोंगराच्या उभ्या उतारावर वसली आहेत. हॉटेलच्या पानावर लिफ्टचे चिन्ह होते आणि लिफ्ट खरोखरच होती, पण ती स्वागतकक्षापासून वर जाणारी. रस्त्यापासून स्वागतकक्षापर्यंत पायऱ्याच होत्या. वडील प्रत्येक पायरी मोठ्याने मोजत उतरले, अठ्ठ्याऐंशी भरल्या. खोली सुंदर होती, पण पुढचे दोन दिवस 'आता पुन्हा कोण चढणार' म्हणून ते खोलीबाहेर पडले नाहीत, आणि ज्यांच्यासाठी गेलो त्यांनाच गाव दाखवता आले नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

म्हणून 'लिफ्ट आहे का?' असे विचारू नका. 'गाडी जिथे थांबेल तिथून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत आणि कठडा कोणत्या हाताला आहे?' असे विचारा, आणि उत्तर लेखी मागवा. ज्यांना नेमका आकडा सांगता येतो त्यांनी तो प्रश्न गांभीर्याने घेतलेला असतो. न्हाणीघरात टब आहे की सपाट फरशी, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. टबाच्या काठावरून पाय उचलून आत जाणे ही दुखऱ्या गुडघ्यांना सर्वांत अवघड गोष्ट आहे.

गाडीचाही विचार तिथे आधी करावा लागतो. त्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर हंगामातल्या ठरावीक दिवशी गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार सम-विषम प्रवेश असतो, आणि हॉटेलची स्वतःची गाडीतळाची जागा क्वचितच असते.

भरतीओहोटी

गाडी हॉटेलपर्यंत पोहोचते का, या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. तिथे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा जाहीर केलेल्या असतात आणि हॉटेलात पोहोचण्याची वेळ आपल्या सोयीने नव्हे तर चंद्राच्या चालीने ठरते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. दिवसाचे पाहुणे परतले आणि रस्ता बुडाला की बेटावर जी शांतता पसरते ती फक्त मुक्कामाला थांबलेल्यांना मिळते.

आडवाट

भरतीओहोटी, आपला अनुभव सुंदर आहे, परंतु निळीवाट यांच्या दोन्ही रस्त्यांवर अशी अडचण नाही ना?

भरतीओहोटी

रस्ता बुडण्याची नाही. पण भरतीच्या वेळांचे कोष्टक सोबत असावे, असे मी तरीही सुचवेन, कारण हॉटेलसमोर म्हणून दाखवलेली वाळू भरतीला कित्येकदा शिल्लकच राहत नाही. आजींना वाळूवर चालायचे असेल तर ओहोटी सकाळी आहे की भर दुपारी, यावर त्या गावचा मुक्काम कोणत्या तारखेला ठेवायचा हे ठरवता येते. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते आणि दुखऱ्या गुडघ्यांना कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा कितीतरी सुखाची असते.

धुकेवाडी

कॅलिफोर्नियाचा विचार चालू असेल तर महिना जपून निवडा. तिथल्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातले थंड पाणी वर येते, त्यावरची दमट हवा थंड होऊन तिचे धुके बनते आणि उन्हाळ्यात आतला प्रदेश तापला की ते धुके किनाऱ्याकडे ओढले जाते. जून-जुलैत सबंध सकाळ, कधी सबंध दिवस, खिडकीबाहेर नुसते पांढरे असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश जास्त मोकळे मिळते. आम्ही जुलैत समुद्रदर्शनी खोली घेतली होती आणि तीन दिवसांत समुद्राचा फक्त आवाज ऐकला.

यावरून हॉटेलांचे अभिप्राय कसे वाचावेत हेही सांगावेसे वाटते. एकूण गुणांकाकडे पाहू नका. आपण जाणार त्या महिन्यातले अभिप्राय वेगळे काढून वाचा. पाहुण्यांनी काढलेली छायाचित्रे बघा आणि त्यांत खिडकीची चौकट, नळ आणि बिजागऱ्या बघा. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. एका ठिकाणी आमच्या खिडकीची कडी इतकी गंजली होती की ती उघडेना, आणि काचेवर बाहेरून मिठाचा असा थर बसला होता की दिवे गेल्यासारखा उजेड आत येई. समुद्राकाठी रोजची देखभाल करणारे हॉटेल आणि न करणारे हॉटेल यांच्यातला फरक दोन वर्षांत उघडा पडतो. अगदी अलीकडच्या अभिप्रायांत 'ओलसर वास' हे शब्द दोनदा आले असतील तर मी ते हॉटेल सोडून देतो.

मोकळीरात्र

सगळे आधीच ठरवून टाकण्याला माझा विरोध आहे. जे गाव आवडले तिथे राहता येणार नसेल, आणि केवळ पुढचे पैसे भरले आहेत म्हणून पावसात गाडी दामटावी लागणार असेल, तर स्वतःच्या गाडीने जाण्यात काय मिळवले? मी हंगामाबाहेर जातो आणि दुपारी दोनला त्या रात्रीची खोली शोधतो. आजवर उघड्यावर झोपायची वेळ आलेली नाही.

कातळ

मोकळीरात्र, आपण एकटे जाता. पंचाहत्तरीच्या आजी आणि लहान मुलगी यांना घेऊन दुपारी दोनला खोली शोधणे मला योग्य वाटत नाही. तरी आपल्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. जिथे हॉटेले मोजकी आणि पुढचे गाव लांब, तिथली खोली कित्येक महिने आधी घ्यावी. बिग सर आणि पोर्ट कॅम्पबेल ही अशी ठिकाणे आहेत. माँटेरे किंवा वॉर्नम्बूल यांसारख्या मोठ्या गावांतली रात्र सैल ठेवता येते. बिग सरमध्ये सुट्टीच्या दिवसांत काही हॉटेले एका रात्रीसाठी खोली देत नाहीत, तेव्हा तिथला मुक्काम आधी पक्का करून बाकीचे दिवस त्याच्या दोन्ही बाजूंना बसवावेत.

मोकळीरात्र

कातळ, आजींचा मुद्दा मान्य. हंगामाबाहेर जाणार असाल तर मात्र हॉटेल उघडे आहे का हे आधी विचारा. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर आणि कॅनडातल्या कॅबट ट्रेलवर हिवाळ्यात पुष्कळ हॉटेले सरळ बंद असतात.

निळीवाट

तीन दिवस हा धागा घरात मोठ्याने वाचला जात होता. अखेर आम्ही ग्रेट ओशन रोड नक्की केला. तो पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, न परतलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ बांधला, हे यजमानांनी वाचून दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग याच रस्त्याने जाऊ."

सध्याची आखणी अशी आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे. टॉर्कीहून पश्चिमेकडे निघून अपोलो बेला तीन रात्री, तळमजल्यावर, पूर्वेला तोंड असलेली खोली. समुद्रासाठीचे जास्तीचे पैसे फक्त इथे. नंतर पोर्ट कॅम्पबेलला दोन रात्री साध्या, शांत खोलीत, कारण 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' हे सुळके तिथून सुमारे १२ किलोमीटरवर आहेत आणि सूर्यास्त पाहून परतणे सोपे जाईल. शेवटची रात्र वॉर्नम्बूलला, ती अजून मोकळी. यात काही चुकते आहे का?

वळणवाट

आखणी उत्तम आहे. अपोलो बेच्या पुढे रस्ता किनारा सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि बराच वेळ समुद्र दिसत नाही, याची मुलीला आधी कल्पना द्या. तो टप्पा सकाळीच उरका. सूर्यास्तानंतरचे ते १२ किलोमीटरही अगदी सावकाश चालवा. संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात. डिसेंबरात तिथे सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो, म्हणजे परत यायला साडेनऊ होतील. तेव्हा दाराचे आणि किल्लीचे तेवढे विचारून ठेवा.

निळीवाट

विचारले, आणि पायऱ्यांचेही विचारले. सहा हॉटेलांना एकच पत्र पाठवले होते. चौघांनी 'आमच्याकडे सर्व सोयी आहेत' असे कळवले, एकाचे उत्तर आलेच नाही. सहाव्याने लिहिले : गाडीपासून दारापर्यंत सपाट, दाराशी दोन पायऱ्या, कठडा उजव्या हाताला, न्हाणीघरात टब नाही, आणि खिडकीजवळ उंच पाठीची खुर्ची आहे. तीच खोली घेतली.